आतल्या बाजूचा ठसा

रविवार कारंजावरून आत वळलं की तिसरं दुकान आमचं.
पाटीवर अजून बाबांचंच नाव,
खाली बारीक अक्षरात : फोटो फ्रेमिंग, आरसे, काच कापून मिळेल.
‘मिळेल’मधला ‘मि’ उन्हानं खाल्लाय.

गिऱ्हाईक बहुतेक घाईत असतं.
दहावा उरकून रामकुंडावरून थेट,
नुकतं केलेलं डोकं, ओला पंचा पिशवीत, हातात मोबाईल.
तेराव्याला लागेल, बारा बाय अठरा.
फोटो कुणाच्या तरी लग्नातला असतो,
खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात.
तेवढा हात काढा, ताई.
मी काढते.
खांदा मात्र त्या बाजूला जरा झुकलेला राहतो,
हाताचं वजन पुसता येत नाही.

नोट प्रेसमधल्या खैरनारांचा फोटो
ओळखपत्रावरून मोठा केला होता.
कॉलरवर शिक्क्याची जांभळी कड आली, अर्धं वर्तुळ.
पुसू का, विचारलं,
तर मंदाकिनीबाई म्हणाल्या, राहू दे,
एकतीस वर्षं गेटवर हाच दाखवून आत जायचे.
तिकडेही विचारलं कुणी, तर?

एका वर्षी पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलं
आणि ओसरल्यावर दुकानात पोत्यानं फ्रेमा आल्या,
देव, नवरे, गॅदरिंगची बक्षिसं, सगळे एकाच चिखलात.
इक्बाल कोकणींनी मात्र एकच आणली,
टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी.
आईचा फोटो आहे, काच बदलून द्या.
बाबांनी उलटी केली, चुका उपटल्या, पुठ्ठा काढला,
कागदाचा कोपरा नखानं जरासा उचलला
आणि थांबले.
डोळे काचेवर गेले होते,
हनुवटी कागदावर राहिली होती.
बाबांनी पकड खाली ठेवली.
काच बदलली तर आई जाईल, म्हणाले.
मग चौकट नवी, काच तीच,
गालावरून गेलेली गाळाची रेघही तीच.
पैसे घेतले, पण फक्त लाकडाचे.

त्या रात्री मला पट्टी कापायला शिकवली,
एका सुताची, काच आणि फोटोच्या मध्ये घालायची,
बाहेरून दिसतसुद्धा नाही.
मध्ये हवा राहिली पाहिजे, एवढंच म्हणाले.
पुढे काही बोलले असते तर ते बाबा नव्हते.

ते गेले तेव्हा त्यांचा फोटो शोधायला आम्हाला तीन दिवस लागले.
आधार कार्डावरचा तर आईनं ओळखलाच नाही.
शेवटी सापडले ते माझ्या चौथीच्या स्नेहसंमेलनात :
मी मध्ये, फुलपाखराचे पंख लावून,
आणि पार कडेला, अर्धे पडद्याआड, बाबा,
हातात माझी पाण्याची बाटली.
पंख कापले. शिक्षिका कापल्या.
बाटली राहू दिली.

सागाची पट्टी काढली, गिऱ्हाईकाला परवडत नाही ती.
चारही कोपरे मी कापले.
एक जरा उघडा राहिला,
तो भुसा आणि फेविकॉलनं भरला, त्यांच्यासारखाच.
काच वर्तमानपत्रानं पुसली, दोन्ही बाजूंनी,
एका सुताची पट्टी घातली,
चुका ठोकल्या, मागून खाकी टेप.
भिंतीवर लावली, मागे सरले, ट्यूब लागली,
आणि बाबांच्या खांद्यापाशी
अंगठ्याचा ठसा.
कापड मारलं.
गेला नाही.
आतून होता.

दुसऱ्या कुणाची असती तर तिथल्या तिथे उघडली असती.
दिवसा दिसत नाही तो,
संध्याकाळी दिसतो.

काल एकानं पाकिटातून फोटो काढता काढता वर पाहिलं,
त्या काचेला काही लागलंय का हो?
म्हटलं, हो.
तुम्हाला किती बाय किती हवी?